हरलं की हंगाम संपला

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत उतरणाऱ्या कित्येक संघांचा हंगाम एका दुपारीच आटोपतो. स्पर्धा बाद पद्धतीची. ३२ संघ धरले तर सामने होणार ३१, आणि त्यांतल्या १६ संघांच्या वाट्याला येणार फक्त एक. मीरा रोड-भाईंदरच्या महाविद्यालयांतलं फुटबॉल समजून घ्यायचं, तर या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते. जूनपासून घाम गाळलेली पोरं पहिल्याच सामन्यात टायब्रेकरवर हरतात, किट धुऊन परत जिमखान्यात जमा होतं आणि पुढच्या जूनपर्यंत तो विषय बंद.

एकाच महाविद्यालयात खरं तर दोन संघ असतात. अकरावी-बारावीची मुलं खेळतात शालेय स्पर्धांत, १९ वर्षांखालील गटात. त्यांची वाट महापालिका पातळीवरून विभागाकडे आणि तिथून राज्याकडे जाते. पदवीची मुलं विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. बारावीपर्यंत एकत्र घडलेला संघ तेरावीला फुटतो. कुणी इंजिनिअरिंगला जातो, कुणी अंधेरी-वांद्र्याच्या कॉलेजात प्रवेश घेतो. क्रीडा शिक्षकांना दरवर्षी नव्याने मोट बांधावी लागते.

वरची शिडी मात्र लांब आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गपर्यंत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू निवडले जातात. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ भरवतो आणि वयाची अट १७ ते २५ वर्षांची. मीरा रोडच्या एखाद्या चांगल्या विंगरचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, तर निवड करणाऱ्यांच्या नजरेत भरायला त्याला मिळाला किती वेळ? मला हे फार अन्यायाचं वाटतं. बचावपटूची पारख तर एका सामन्यात होऊच शकत नाही. त्याची चूक दिसते, त्याने टाळलेले गोल दिसत नाहीत.

वेळापत्रकही अडचणीचंच. सरावाचे पहिले महिने भर पावसात जातात. चिखलात चेंडू अडतो, जमिनीवरचा पास अर्ध्यातच थांबतो, मग खेळ उंच मारण्यावर येतो. पाऊस ओसरून जमीन घट्ट होते तोवर सेमिस्टरची परीक्षा दारात उभी. ७५ टक्के हजेरीची अट आहेच. ग्रेस गुणांचा आधार असतो, पण बुडालेली प्रॅक्टिकल्स त्याने भरून निघत नाहीत.

खरा प्रश्न मैदानाचा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीचं प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे साधारण पावणेदोन एकर. २००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती; २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. भातशेती आणि मिठागरांच्या कडेने वाढलेल्या या गावांची २००२ साली महापालिका झाली, टॉवर उभे राहिले. पावणेदोन एकर सलग, सपाट आणि फक्त खेळासाठी मोकळी ठेवलेली जागा मात्र दुर्मीळ झाली. भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानासारखी मोठी जागा आहे, पण मोठ्या मैदानावर सभा आणि महोत्सवही हक्क सांगतात. मांडवाचे खड्डे आणि राहिलेले खिळे घोट्याला किती महाग पडतात, हे खेळणाऱ्यालाच कळतं.

मग सराव होतो तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर, पाच-पाच जणांत. त्याचा फायदा आहे: पाय चपळ होतात, चेंडू लवकर ताब्यात येतो. पण तिथे ऑफसाइड नाही. ४० मीटरचा क्रॉस नाही. बचावफळीने एका रेषेत पुढे सरकायचं म्हणजे काय, हे तिथे शिकवताच येत नाही. सामन्याच्या दिवशी पूर्ण मैदानावर हीच मुलं पहिली वीस मिनिटं सुरेख खेळतात आणि मग मधल्या फळीत मोठी भगदाडं पडू लागतात. त्यांचा दम कमी पडतो असं लोक म्हणतात. मला वाटतं, अंतराची सवयच कमी पडते. त्यात सामना मरीन लाइन्सच्या बाजूला असला तर किटबॅगा सांभाळत चाळीसेक किलोमीटरचा लोकल प्रवास, तोही सकाळच्या गर्दीत.

मुंबईच्या फुटबॉलला परंपरेची उणीव कधीच नव्हती. रोव्हर्स कप १८९१चा. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचाच. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई. पुढे रेल्वे, टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र यांच्या संघांमुळे फुटबॉलपटूला नोकरीची आशा असे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि कॉलेजनंतरची एक भक्कम पायरी गेली. आता मीरा-भाईंदरच्या बापाला मुलाने रोज तीन तास चेंडूमागे का धावावं, हे पटवून देणं अवघड झालंय.

कोल्हापूरचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात १६ संघ शाहू स्टेडियमवर साखळी खेळतात. कॉलेजचा संघ हरला तरी पोरगं पेठेच्या संघातून पुढच्या आठवड्यात मैदानावर असतं. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. मीरा-भाईंदरच्या एका टोकाला उत्तनचा किनारा आणि खाडीपलीकडे वसई. तिथल्या ख्रिस्ती गावांना फुटबॉलचं वेड आहे. म्हणजे बी आपल्या शेजारीच आहे. मोठ्या शहरी वस्तीतल्या कॉलेजच्या मुलांना मात्र पेठ नाही, तालीम नाही. त्यांच्याकडे कॉलेजचीच जर्सी.

म्हणून मीरा-भाईंदरमध्ये महाविद्यालयांची स्वतःची साखळी व्हावी, असं मी आग्रहाने म्हणतो. सहा संघ घ्या. बाद पद्धतीत ते मिळून पाचच सामने खेळतील; साखळीत पंधरा, म्हणजे प्रत्येकाला पाच. दर रविवारी तीन सामने घेतले तर पाच रविवारांत स्पर्धा पूर्ण. डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा आटोपल्यावर आणि जमीन कोरडी असताना ती घेता येईल. मुलींचे संघ उभे राहतील तसतशी त्यांचीही साखळी त्याच दिवशी, त्याच मैदानावर लावता येईल. महापालिकेने करायचं ते एवढंच: एक पूर्ण मापाचं मैदान त्या पाच रविवारी कुठल्याही मांडवाला द्यायचं नाही, आणि शनिवारी संध्याकाळी त्यावर रोलर फिरवून चुन्याच्या रेषा आखून ठेवायच्या.