पीक कापणी प्रयोग : सरासरीमागचे गणित समजून घ्या

ढोकीसारख्या महसूल मंडळात सोयाबीनचा पीकविमा एकेका शेताच्या नुकसानीवर नव्हे, तर पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरीवर ठरतो. त्यामुळे पुढील संज्ञा माहीत असाव्यात.

सरासरी : समजा, मंडळातील 10 प्रयोगांत हेक्टरी 4, 5, 6, 6, 7, 8, 14, 15, 17 व 18 क्विंटल उत्पादन आले. बेरीज 100, म्हणून सरासरी 10 क्विंटल. प्रत्यक्षात 10 क्विंटल एकाही प्लॉटमध्ये आलेले नाही.

मध्यक : चढत्या क्रमाने मांडल्यावर मधली किंमत. येथे 7 व 8 च्या मध्ये, म्हणजे 7.5 क्विंटल. निम्मे प्लॉट याच्याही खाली आहेत. पाणी असलेल्या चार प्लॉटनी सरासरी वर ओढली, असे यातून समजते.

तफावत : सर्वांत कमी 4, सर्वांत जास्त 18. तफावत मोठी असेल तेथे सरासरीवरून एका शेताचा अंदाज बांधता येत नाही.

उंबरठा उत्पादन 12 क्विंटल धरल्यास तूट 2 क्विंटल, म्हणजे 16.67 टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये असेल, तर भरपाई सुमारे 8,333 रुपये. ज्याला 4 क्विंटल झाले त्यालाही तेवढीच आणि 18 झाले त्यालाही तेवढीच.

यादृच्छिक निवड : प्लॉट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही पसंतीविना निवडणे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत याच तत्त्वावर पीक कापणीची पद्धत उभी केली.

ही निवड मोडली तर काय होते? वरील उदाहरणात 4 व 5 क्विंटलचे प्लॉट सोडून रस्त्याकडेचे 15 व 16 क्विंटलचे प्लॉट घेतले, तर सरासरी 12.2 होते. उंबरठा ओलांडला गेला, भरपाई शून्य! प्रयोगांची संख्या वाढवल्याने योगायोगाचा फरक कमी होतो; एकांगी निवडीची चूक मात्र तशीच राहते.

शेतकरी व कृषी सहायकांनी काय पाहावे?
• निवडलेला गट क्रमांक आणि कापणीचे शेत एकच आहे का?
• प्लॉटची जागा ठरलेल्या पद्धतीनेच आखली का?
• प्लॉटचे माप आणि वजनकाटा बरोबर आहे का?
• वजनाची नोंद सर्वांसमोर करून सह्या झाल्या का?

हे कापणीच्या दिवशी शेतात हजर राहूनच तपासावे. एकदा सरासरी निघाली, की त्यामागचा प्लॉट पुन्हा मोजता येत नाही.