बारवीचे पाणी आणि आपली रोजी

सिंगापूरहून सुट्टीवर आलेला आपला एखादा माणूस तिकडच्या सुबत्तेच्या गोष्टी सांगू लागला की आपण कान देऊन ऐकतो. तेथे चिनी, मलय आणि तमिळ लोक शेजारी राहतात, चार भाषांना सरकारी मान आहे. सरकारी इमारतींत एकाच जमातीची वस्ती होऊ नये, म्हणून १९८९ पासून घरवाटपाला मर्यादा घातली आहे. पण व्यापाऱ्याने घ्यावा तो धडा पाण्याचा. १९६२ च्या कराराने त्या देशाला शेजारच्या जोहोरचे पाणी मिळते, तरी तेवढ्यावर विसंबून न राहता २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून ते कारखान्यांना पुरवले जाते.

असा अनेक जमातींचा मुलूख आपल्याकडेही आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली तिचे नाव उल्हासनगर झाले. रिकाम्या हातांनी आलेल्यांनी बाजारपेठ उभी केली. पुढे जीन्सचा धंदा वाढला. दुकान सिंधी शेठचे, मशीनवर उत्तर प्रदेश-बिहारचे आपले कारागीर, माल नेणारा टेम्पोवाला मराठी. सण प्रत्येकाचे वेगळे, पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांना आणि कारखान्यांना आधार बारवी धरणाचा.

औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत प्रथमच भरले. त्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या. म्हणजे आपल्या धंद्याची किंमत आधी दुसऱ्याने मोजली आहे.

मग आपण त्या पाण्याचे काय केले? जीन्स रंगवायला आणि धुवायला पाणी फार लागते. रंगाचे, रसायनांचे पाणी नाल्यातून वालधुनी नदीत गेले. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातील धुलाईचे कारखाने बंद करण्याची कारवाई झाली. धुलाई थांबली की शिलाईला काम राहत नाही. दोष कोणाचाही असो, मजुरी पहिल्यांदा कारागिराची बुडते.

आमचे सांगणे साधे आहे. छोट्या धुलाईवाल्यांना एकट्याने शुद्धीकरणाचे यंत्र परवडत नाही. शेठ, कारागीर आणि धुलाईवाला यांनी मिळून सामायिक यंत्र उभारावे, त्याचा खर्च प्रत्येक नगाच्या भावात धरावा. माल धुवायला देण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी पाहावी. चोरून सोडलेले पाणी स्वस्त वाटते. पण कारखान्याला टाळे लागले की सारा नफा एका दिवसात जातो.

वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. मशिदीत पाळतो ते कारखान्यातही पाळले, तर रोजी हलाल राहील आणि शेजारीही दुवा देतील.