घराचा पहारा आणि धूसर चित्र

बेळगुंदी आणि आसपासच्या खेड्यांतून एखाद्या घराच्या ओसरीला पांढरा कॅमेरा बसविलेला दिसला, तर आता त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पूर्वी कुत्रे भुंकले म्हणजे घरधनी कंदील घेऊन अंगणात येई. आज तो अंथरुणात पडल्या पडल्याच मोबाइलवर अंगण पाहतो. सोय मोठी खरी. परंतु प्रसंग पडल्यावर ते चित्र उघडावे, तर त्यात माणूस चालतो आहे की केळीचे पान हालते आहे, हेच कळू नये, अशी तक्रार वारंवार कानांवर येते. मग दुकानदाराला बोल लावला जातो आणि त्याहून महागडा कॅमेरा आणला जातो. तोही चार महिन्यांनी तसलेच चित्र दाखवू लागतो. याचे कारण असे की, बहुतेक घरी कॅमेरा ठीक असतो. चित्र बिघडते ते एक तर त्याच्या डोळ्यासमोर, नाही तर त्याच्यापासून आपल्या डोळ्यांपर्यंत येण्याच्या वाटेवर.

आणि धूसर चित्र हे केवळ निरुपयोगी असते असे समजू नये. एका घरी विहिरीवरचा पंप गेला. कॅमेऱ्यात पाऊस होता, अंधार होता, आणि डोक्यावर खोळ घेतलेली एक करडी आकृती होती. ते चित्र तिघांनी पाहिले आणि तिघांनी तीन नावे घेतली. एकाने चालीवरून, दुसऱ्याने उंचीवरून, तिसऱ्याने जुन्या वैरावरून. त्या तिघांपैकी एक मुलगा शाळेत जाणारा होता. पुढे पंपाचा तपास दुसरीकडेच लागला, पण त्या मुलाकडे लोकांनी आठ दिवस ज्या नजरेने पाहिले, ती नजर काही परत घेता आली नाही. तेव्हा चित्र स्वच्छ असणे हे चोराला धरण्याइतकेच निरपराध माणसाच्याही हिताचे आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे पाहावे. मोबाइलवर दिसणारे चालू चित्र आणि रेकॉर्डरमध्ये किंवा कार्डावर साठविलेले चित्र ही दोन्ही पुष्कळदा एक नसतात. कॅमेरा दोन प्रवाह पाठवितो, एक पूर्ण आणि एक हलका. मोबाइलला बहुधा हलका मिळतो. म्हणून तेच चित्र रेकॉर्डरला जोडलेल्या पडद्यावर पाहावे. तेथे ते स्वच्छ असेल, तर भिंगाला हात लावण्याचे कारण नाही. मोबाइलवर उच्च दर्जा निवडला की काम झाले. तेथेही ते मळकट असेल, तर मात्र शिडी लावावी.

शिडीवर चढल्यावर पहिली भेट होते ती कोळ्याची. आपल्याकडे पावसाळ्यात धुके, शेवाळ आणि किडे यांना तोटा नाही. दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि नेमके भिंगासमोर जाळे विणतो. दिवसा ते जाळे दिसतही नाही. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागले, म्हणजे आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा तो प्रकाश जाळ्यावरून उलटतो आणि सारे चित्र दुधी होते. पागोळीची कड किंवा पांढरी भिंत कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असली, तरी हेच घडते. जवळची वस्तू झगझगीत दिसू लागली की कॅमेरा आपला डोळा बारीक करतो आणि दूरचे अंगण काळोखात बुडते. उपाय साधा आहे. जाळे मऊ कुंचल्याने काढावे, काच आधी फुंकून धूळ उडवावी, मग ओलसर मऊ फडक्याने पुसावी. कोरड्या धोतराच्या तुकड्याने खसाखसा घासलेल्या काचेवर चरे पडतात आणि ते कायमचे राहतात. घुमटाकार झाकणाच्या आत बाष्प धरले असेल, तर उघाडीच्या दिवशी झाकण उघडून ते सुकवावे आणि कडेची रबरी पट्टी नीट बसली आहे ना, ते पाहावे.

रात्रीचे चित्र पुसट येण्याचे दुसरे कारण थोडे समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ डोळा उघडा ठेवतो. हा वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग धरला, तर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे त्याचे नाक गालावर आणि गाल कानावर उमटतो! यावर महागड्या कॅमेऱ्याहून स्वस्त उपाय म्हणजे अंगणातला एक साधा दिवा. मात्र तो कॅमेऱ्याच्या तोंडावर येऊ देऊ नये, त्याच्या मागे किंवा बाजूला असावा. दिव्यामुळे चित्रात आडवे पट्टे सरकू लागले, तर कॅमेऱ्यात विजेची वारंवारता ६० ठेवलेली असण्याचा संभव आहे. आपल्याकडे ती ५० असते.

पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो तो अंतराच्या बाबतीत. अनोळखी माणसाचा चेहरा निश्चित ओळखता यावा, यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० बिंदू पडावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. घरगुती कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी सामान्यतः १९२० बिंदूंची असते. भागाकार केला तर असे दिसते की, चित्रात पावणेआठ मीटरहून अधिक रुंदीचे दृश्य घेतले, म्हणजे चेहरा हातचा गेला. त्यातून २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे शंभर अंशांचे रुंद दृश्य घेते. त्याच्यापुढे ही मर्यादा जेमतेम सव्वातीन मीटरवर संपते. एकाच कॅमेऱ्याने अंगण, गोठा, विहीर आणि रस्ता ही सारी राखण करावी, ही अपेक्षा म्हणजे एकाच राखणदाराला चार शेतांच्या बांधांवर उभे करण्यासारखे आहे. त्यापेक्षा एक कॅमेरा फाटकाच्या वाटेवर, माणसाच्या चेहऱ्याहून थोडा उंच आणि अरुंद भिंगाचा बसवावा. शेजाऱ्याची पडवी त्यात येऊ नये, हेही ओघानेच आले.

आता वाटेवरचे बिघाड. आमच्याकडील जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती उन्हाळ्यात सुखद असल्या, तरी वायफायला त्या मानवत नाहीत. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बरा पोहोचतो. त्याहून बरी तार. तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात, आणि तार लांब व बारीक असली तर रात्री अवरक्त दिवे लागताच दाब उतरून चित्र थरथरते. दिवसा उत्तम आणि रात्रीच बेभरवशाचे, असे लक्षण दिसले की तारेवर संशय घ्यावा. उघड्यावरच्या जोडात पावसाचे पाणी शिरले, तरी चित्रात रेघा येतात.

हालचाल होताच चौकोनी ठिपके दिसू लागले, तर चित्र फार दाबून साठविले जात आहे असे समजावे. एच. २६४ पद्धतीत पूर्ण चित्राला सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट द्यावेत, एच. २६५ मध्ये साधारण निम्म्याने भागते. चार मेगाबिटांचा हिशेब मात्र दिवसाला ४३ गीगाबाइटांवर जातो. ६४ गीगाबाइटचे कार्ड त्यात दीड दिवसात भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाऊ लागते. जागा वाचविण्यासाठी बिंदू कमी करू नयेत. सेकंदाला २५ ऐवजी १५ चित्रे घ्यावीत. अंगणाच्या पहाऱ्याला तेवढी पुरतात.

कॅमेऱ्याचे घड्याळही चित्राचाच भाग आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर, हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत व बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणालाच महत्त्व आले. त्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा चित्रणाची नुसती प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर तिच्यासोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही तशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून वीज जाऊन आल्यावर घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहावे. आणि काही घडलेच, तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढून गावभर पाठविण्याऐवजी मूळ चित्रणाची प्रत त्याच दिवशी काढून पोलिसांकडे द्यावी. दीड दिवस उलटल्यावर कार्डावरच्या त्या रात्रीच्या जागी दुसरी रात्र आलेली असते.