२१ दिवसांचा आकडा

‘२१ दिवस केलं की सवय लागते,’ हे नव्या वर्षाच्या तोंडावर हमखास ऐकू येतं. हा आकडा पसरला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामासारख्या सवयीचा त्यात संबंध कुठे? पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. अंदाजाचा पल्ला मात्र १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा ‘रोज चालेन’ असा मोघम संकल्प नको. रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडून ‘सकाळचा चहा झाला की निघेन’ असा करा. आणि गुढीपाडव्याआधी निकाल लावू नका.