खर्जाचा भोपळा

सोलापूर जिल्ह्याच्या शेतीचा विषय निघाला की ऊस, डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी एवढ्यावर बोलणं संपतं. याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात, कुणाच्याही ताटात न पडणारं एक पीक निघतं. भाजीच्या दुधीच्याच कुळातला हा भोपळा चवीला कडू असतो आणि आकाराने प्रचंड वाढतो. तो हिरवा तोडत नाहीत. वेल सुकतो, फळातलं पाणी आटतं, साल लाकडासारखी टणक होते, तेव्हा कुठे तो रानातून हलतो. तिथून तो मिरजेला जातो आणि त्याचा तानपुरा होतो. महाराष्ट्रातल्या मैफलीत गायकाच्या मागे जो षड्ज घुमतो, त्याचं पोट बहुधा भीमाकाठच्या मातीत वाढलेलं असतं.

या घुमणाऱ्या षड्जाची थोरवी मला नीट कळली ती अमेरिकी भक्तिसंगीत ऐकताना. तिकडच्या दक्षिणेकडील राज्यांत चौघांनी मिळून ख्रिस्ती भजनं गाण्याची परंपरा आहे. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी आपली गीतपुस्तकं खपावीत म्हणून १९१० मध्ये चार गायकांचा संच गावोगाव पाठवला आणि त्या गाण्याला व्यवसायाचं रूप आलं. टेनर, लीड, बॅरिटोन आणि सगळ्यात खाली बास, अशी चौघांची मांडणी. वरचे तिघे कितीही उंच जावोत, त्यांच्या पायाखालची जमीन बासगायक धरून असतो. त्याला मानही मोठा. जे. डी. समनर (१९२४–१९९८) हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. एल्विस प्रेस्लीने १९७१ पासून आपल्या अखेरच्या काळापर्यंत त्यांचा स्टॅम्प्स संच सोबत ठेवला. १९७७ मध्ये आलेल्या ‘वे डाउन’ या गाण्याच्या शेवटी समनर ज्या स्वरावर उतरतात, तो सुमारे ३३ हर्ट्झचा आहे. पियानोवर तो डावीकडून तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सापडतो. माणसाच्या गळ्यातून इतकं खोल काही निघू शकतं, यावर पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही.

आपल्या रागसंगीतात असा बासगायक नाही. खर्जाचा रियाज मात्र आहे. पहाटे, आवाज अजून जड असताना, मंद्र षड्जावर श्वास पुरेल तोवर ठरायचं, आणखी खाली जाता येईल तेवढं जायचं, हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पण ही मेहनत आवाजाला वजन यावं म्हणून असते आणि ती बहुतेक घरातच राहते. मैफलीत अखंड खाली राहण्याचं काम आपण माणसाच्या गळ्याकडून काढून तारेकडे दिलं. ती तार छेडायला गुरूच्या मागे शिष्याला बसवलं. दोन-तीन तास फक्त चार तारा एकाच गतीने छेडत राहायच्या, आणि त्यातूनच सुराची खरी ओळख करून घ्यायची.

या चार तारांपैकी पहिली पंचमाची. रागात पंचम नसेल तर ती मध्यमावर किंवा निषादावर लावतात. मधल्या दोन जोडाच्या, मध्य षड्जाच्या. या तीन पोलादी. चौथी पितळी, जाड, एक सप्तक खाली लावलेली, ती खर्जाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९च्या आसपास. पण त्या तारेतून एकटा षड्ज येत नाही. तिच्या कंपनाच्या पाचपट वेगाचा उपस्वर ३४६ हर्ट्झच्या जवळ जातो आणि तो असतो तार सप्तकातला शुद्ध गंधार. कुणीही न लावलेला, कुणीही न छेडलेला. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो स्वच्छ ऐकू आला की तानपुरा लागला, असं समजतात.

हा गंधार उघड करते ती जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा धारदार नसतो. रुंद असतो आणि कानशीने घासून त्याला अगदी अलगद उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा, ज्याला जीव म्हणतात, केसभर इकडेतिकडे केला तरी आवाज मिटतो किंवा उमलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात नेमकं यावर बोट ठेवलं: तार जिथे छेडली जाते त्यानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे उमटतात. मिरजेच्या कारागिरांनी ते हाताने आणि कानाने साधलं होतं.

मिरजेत हे काम १८५०च्या सुमारास सुरू झालं. शस्त्रांना धार लावणारं शिकलगार घराणं. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि पुढे त्या कुटुंबांचं आडनावच सतारमेकर झालं. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. सुराबद्दल कमालीचा काटेकोर गवई आणि वाद्य घडवणारे हात एकाच गावात असणं, हे त्या गावाचं भाग्य.

सोलापूरकडून आलेला भोपळा इथे भिजवतात, कापतात, आतला गर आणि बिया काढतात, आकार बिघडू नये म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. मग त्याला तुणीच्या लाकडाचा गळा, वर तबली, लांब दांडी. पुरुषी तानपुऱ्याला चार फूट किंवा त्याहून मोठ्या घेराचा भोपळा लागतो, कारण खर्जाला पोट मोठं हवं. सालीची जाडी सगळीकडे सारखी हवी. या दोन्ही गोष्टी कारागीर घडवू शकत नाही. त्या रानातच ठरतात. अवकाळी पाऊस आला आणि फळ एका बाजूने कुजलं, तर मिरजेतला कुठलाही हात ते सुधारू शकत नाही.

पंढरपूरच्या माणसाला हा नाद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली ठेवली जात नाही. गाणं थांबलं तरी नाद थांबायचा नाही, ही शिस्त शास्त्रीय मैफलीइतकीच कडक आहे.

१९७९च्या सुमारास बेंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठी सोय झाली. आता तो फोनमध्ये आहे. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ हर्ट्झ पेलत नाहीत. मूळ षड्ज गळून जातो आणि वरचे उपस्वर तेवढे उरतात. कान खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो. शिकणाऱ्या मुलाने निदान आठवड्यातून एकदा खऱ्या भोपळ्याला कान लावून बसावं, असा माझा आग्रह आहे. खर्ज छातीला जाणवतो, तो अनुभव फोन देऊ शकत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते फार आधीच मिळायला हवं होतं. पण मानांकनात नाव मिरजेचं आहे, आणि सोलापूरचा भोपळेवाला शेतकरी अजून अनामिक आहे. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणानंतर जिल्ह्यात उसाचं राज्य पसरलं. मोजकेच गिऱ्हाईक असलेलं, महिनोन्‌महिने रान अडवून बसणारं हे पीक कुणी कशासाठी लावावं, हा प्रश्न त्याच्या घरात दरवर्षी उठत असणार. संगीत शाळा आणि मोठमोठे महोत्सव भरवणाऱ्या संस्थांनी पेरणीआधीच त्याच्याशी दराचा करार करावा. आणि तानपुरा विकत घेताना जवारी कुणी काढली हे आपण विचारतो, तसं भोपळा कोणत्या गावचा आणि कुणाच्या रानातला, हेही विचारावं. उत्तर दांडीच्या मागे, कारागिराच्या नावाशेजारी लिहायला जागा भरपूर आहे.