काउंटाश एलपी ५००: भिंतीवर आदळण्याआधीची तीन वर्षं

११ मार्च १९७१ रोजी जिनिव्हाचं मोटार प्रदर्शन उघडलं, तेव्हा लॅम्बोर्गिनीच्या स्वतःच्या दालनात मिउरा एसव्ही ही गाडी मांडलेली होती. मिउराची ती सर्वांत सुधारलेली आवृत्ती, आणि एरवी गर्दी तिच्याभोवतीच झाली असती. पण त्या सकाळी लोक थांबले ते बेर्तोने या तोरिनोच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याच्या दालनात. तिथे एक पिवळीधमक गाडी होती. बसकी, पाचरीसारखी, नाकापासून काचेपर्यंत जवळजवळ एकाच रेषेत चढत गेलेली, आणि दरवाजे बाजूला न उघडता वर आकाशाकडे उघडणारे. नाव काउंटाश एलपी ५००. तोरिनोकडच्या बोलीत आश्चर्याने तोंडातून निघणारा हा उद्गार, तोच गाडीला चिकटला.

प्रदर्शनात मांडलेल्या असल्या गाड्यांचं नशीब तेव्हा ठरलेलं असे. छायाचित्रं निघत, मुखपृष्ठं होत, मग ती गाडी कोपऱ्यात धूळ खात पडे. कित्येकींना धड इंजिनही नसे. एलपी ५०० मात्र पहिल्या दिवसापासून चालणारी गाडी होती, आणि पुढची तीन वर्षं तिला अक्षरशः राबवलं गेलं. तिच्या आकाराबद्दल खंडीभर लिहून झालं आहे. पण तिचा खरा शोध पत्र्याखाली होता.

त्यासाठी मिउरापर्यंत मागे जावं लागतं. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा एमिलिया प्रांतातला शेतकऱ्याचा मुलगा, ट्रॅक्टर विकून गब्बर झालेला. बोलोन्याजवळच्या सांतागाता बोलोन्येजे गावी त्याने १९६३ मध्ये मोटारींचा कारखाना काढला. इंजिन जोत्तो बिझ्झारिनीकडून करून घेतलं: बारा सिलिंडर, व्ही आकाराचं, चार कॅमशाफ्टचं. त्या मूळ आराखड्याचे वंशज पुढे जवळजवळ अर्धशतक लॅम्बोर्गिनीच्या गाड्यांत धावत राहिले. हे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवायची कल्पना जान पाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडहून आलेला मेकॅनिक व चाचणीचालक बॉब वॉलेस या तिघांची. तिघंही तेव्हा तिशीच्या आतले. १९६५ मध्ये नुसता सांगाडा दाखवला, १९६६ मध्ये त्यावर बेर्तोनेची बॉडी चढली आणि मिउरा जन्मली.

एवढं लांब इंजिन मागे मावावं म्हणून त्यांनी ते आडवं बसवलं होतं. युक्ती नामी, पण तिने डोकेदुखी पुष्कळ दिली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात, दोघांना एकच तेल. गिअरमधून झडणारा धातूचा कीस इंजिनात फिरण्याची भीती कायमची. गिअर टाकायचा दांडा चालकाजवळ, गिअरबॉक्स इंजिनाच्या मागल्या अंगाला, त्यामुळे मधली जोडणी लांबलचक आणि गिअर जड. वजन सगळं मागे, वेगात पुढचं नाक हलकं होऊन उचलू पाहणारं. शिवाय डोक्यामागे काही इंचांवर इंजिनाचा गोंगाट आणि भट्टीसारखी धग. मिउरा जगातली सर्वांत देखणी गाडी म्हणून मिरवत होती, पण तिचे दोष बांधणाऱ्यांना पाठ होते.

१९६८ मध्ये दाल्लारा कंपनी सोडून गेला आणि तांत्रिक सूत्रं स्तान्झानीकडे आली. मिउराची डागडुजी करण्यापेक्षा नवी मांडणी करायची, असं त्याने ठरवलं. इंजिन पुन्हा उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवायचं. एलपी ही अक्षरं त्यावरूनच आली: इंजिन मागे आणि लांबीत. ५०० म्हणजे पाच लिटर. पण बारा सिलिंडरचं इंजिन लांबीत बसवलं, त्यामागे नेहमीप्रमाणे क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडलं, की गाडी आगगाडीच्या डब्याएवढी होते आणि सगळा भार मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकतो.

स्तान्झानीने इंजिनच उलटं फिरवलं. त्याची ताकद बाहेर पडते ते टोक मागे न ठेवता पुढे, चालकाच्या दिशेने आणलं. त्या टोकाला क्लच, आणि क्लचच्या पुढे गिअरबॉक्स, तोही थेट दोन आसनांच्या मधल्या फुगवट्यात सरकवलेला. गिअरचा दांडा आता गिअरबॉक्सच्या डोक्यावरच उभा. मधल्या सळया, सांधे, सगळं गायब. राहिला प्रश्न ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायचा. त्यासाठी गिअरबॉक्समधून एक शाफ्ट परत मागे वळवला आणि तो इंजिनाच्या खालून, तेलाच्या तळटाकीतून आरपार नेला. टाकीतल्या तेलाशी त्याचा संबंध येऊ नये म्हणून तो बंद नळीत ठेवला. मागच्या टोकाला डिफरन्शियल, तिथून चाकं. ताकद आधी पुढे जाते, वळते आणि स्वतःच्याच पोटाखालून मागे येते. कागदावर हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण फळ पाहा: रस्त्यावर आलेल्या काउंटाशच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर, आडव्या इंजिनाच्या मिउराचं २५००. इंजिन लांबीत बसवूनही गाडी आखूड झाली होती.

याची किंमत नव्हती असं नाही. खालून शाफ्ट न्यायचा तर इंजिन वर उचलावं लागतं, आणि वजनदार इंजिन वर गेलं की गुरुत्वमध्यही वर जातो. जेमतेम एक मीटर सात सेंटिमीटर उंचीच्या गाडीत ही तडजोड बोचणारी आहे. स्तान्झानीने ती पत्करली, कारण भार मध्याकडे आणणं त्याला जास्त मोलाचं वाटलं. माझ्या मते त्याचा हिशोब बरोबर होता. पुढे दियाब्लो आणि मुर्सिएलागो या दोन्ही गाड्यांनी हीच मांडणी घेतली, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

बॉडीचं काम बेर्तोनेकडे, म्हणजे मार्चेल्लो गांदिनीकडे. मिउराही त्याच्याच हातची, पण काउंटाशमध्ये त्याने तिची एकही वळणदार रेषा ठेवली नाही. वर उघडणारे दरवाजे त्याने १९६८ मध्ये अल्फा रोमिओच्या काराबो या प्रदर्शनी गाडीवर वापरून पाहिले होते. काउंटाशमध्ये ते नुसते शोभेचे नव्हते. गाडी रुंद, बाजूच्या पट्ट्या जाडजूड. साधा दरवाजा लावला असता तर दाटीच्या जागेत उतरणं मुश्किल. आणि मागचं तर काहीच दिसत नाही. म्हणून काउंटाश मागे घेणारा चालक दरवाजा वर करतो, पट्टीवर बूड टेकवतो, धड बाहेर काढतो आणि मान वळवून गाडी हाकतो. लाखमोलाची गाडी आणि मागे घ्यायची अशी! पण काउंटाशवाल्यांनी त्यालाही ऐट समजून घेतलं.

जिनिव्हाहून परतल्यावर गाडी वॉलेसच्या ताब्यात गेली आणि तिचं खरं आयुष्य सुरू झालं. वॉलेसची चाचणी म्हणजे उघड्या रस्त्यांवर, इटलीच्या महामार्गांवर आणि डोंगरातल्या वळणांवर गाडी पिटाळायची आणि काय मोडतं ते पाहायचं. मोडायला वेळ लागला नाही. ४९७१ घनसेंटिमीटरचं, ४४० अश्वशक्तीचा दावा असलेलं पाच लिटरचं इंजिन चाचणीत टिकलं नाही. त्याच्या जागी मिउरात मुरलेलं चार लिटरचं इंजिन आलं. ताकद घटली, पण भरवसा आला.

दुसरा शत्रू उष्णता. गांदिनीच्या मूळ रेखाटनात इंजिनाला हवा घ्यायला मागच्या खिडक्यांच्या पाठीमागे माशाच्या कल्ल्यांसारख्या झिरमिळ्या होत्या. दिसायला अप्रतिम, कामाला अपुऱ्या. इंजिन तापत राहिलं. मग त्या स्वच्छ पत्र्याला कात्री लागली. दोन्ही खांद्यांवर खोक्यासारखी हवेची तोंडं उभी राहिली, आणि दरवाज्यांपासून मागच्या चाकांपर्यंत विमानांवर असतात तशा आत दबलेल्या त्रिकोणी खाचा पाडल्या गेल्या. आज काउंटाश म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते हेच खांदे आणि याच खाचा. पोस्टरवर त्या पाहून हरखलेल्या पोरांना कोण सांगणार, की हे तापलेल्या इंजिनावर केलेले इलाज आहेत! मूळची निर्मळ रेषा जास्त सुंदर होती, यात मला शंका नाही. पण गाडी म्हणून नंतरची खरी.

सांगाडाही बदलला. एलपी ५००चा तळ पत्र्याच्या चौथऱ्यासारखा होता. विक्रीच्या गाडीसाठी स्तान्झानीने बारीक पोलादी नळ्या वितळजोड करून विणलेला पिंजरा ठरवला, मोदेनाच्या मार्केझी कारखान्यात बांधलेला, आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. काम वेळखाऊ, पण सांगाडा हलका आणि ताठ. आतली भविष्यवेधी दिव्यांची पाटी जाऊन साधे गोल काटे आले.

या सगळ्या काळात कारखान्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. बोलिव्हियाने ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द केली आणि फेरुच्चोचा मूळ धंदाच अडचणीत आला. १९७२ मध्ये त्याने मोटार कंपनीचा ५१ टक्के हिस्सा जॉर्ज-आंरी रोसेत्ती या स्विस उद्योजकाला विकला. उरलेला १९७४ मध्ये रेने लाइमरला. ट्रॅक्टरचा कारखानाही हातातून गेला. त्यात १९७३ चं तेलसंकट कोसळलं, म्हणजे बारा सिलिंडरची गाडी विकायला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. ही पडझड सुरू होत असतानाच, १९७२ मध्ये, स्तान्झानी आणि वॉलेस पिवळ्या गाडीतून सिसिलीला टार्गा फ्लोरिओ शर्यत बघायला गेले आणि तिच्यातूनच परतले. प्रदर्शनासाठी केलेली गाडी इटलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन धडपणे परत आणणं, ही माझ्या लेखी तिची सर्वांत मोठी परीक्षा.

१९७४ च्या सुरुवातीला तिची पाळी संपली. नवी गाडी विकायची तर अपघाताची चाचणी देऊन मान्यता घ्यावी लागे, आणि त्यासाठी एक गाडी भिंतीवर आदळावी लागे. तोपर्यंत दुसरा नमुना तयार होता. १९७३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात तो लाल रंगात मांडलाही होता. पैशांची चणचण असलेल्या कंपनीने सर्वांत जुनी, राबून झिजलेली गाडी निवडली. एलपी ५०० इंग्लंडमध्ये मीरा या वाहन-संशोधन संस्थेच्या आवारात गेली आणि भिंतीवर आपटली गेली. तिचा तळ विक्रीच्या गाडीपेक्षा पार वेगळा होता, तरी मान्यता मिळाली. उरलेला लोळागोळा भंगारात गेला.

पुढचं थोडक्यात. त्याच वर्षी विक्रीला आलेली एलपी ४०० ३९२९ घनसेंटिमीटरची, ३७५ अश्वशक्तीची. मग रुंद टायर, फुगवलेल्या कमानी, आणि मागे पंख, जो लावला की वेग वाढण्याऐवजी कमीच होई. कंपनी दिवाळखोरीत गेली, मिमरान बंधूंकडे आली, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. काउंटाश मात्र बनत राहिली. शेवटची ४ जुलै १९९० रोजी बाहेर पडली. एकूण गाड्या १९९९.

२०१७ च्या अखेरीस एका संग्राहकाने लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पोलो स्तोरिको विभागाला विचारलं, ती पिवळी गाडी पुन्हा बांधून द्याल का? छायाचित्रं, जुनी रेखाटनं, बैठकींच्या नोंदी हुडकल्या गेल्या. पत्रा जुन्या पद्धतीने हाताने ठोकून घडवला. पिरेल्लीने आपल्या दप्तरातून त्या वेळच्या टायरची नक्षी शोधून चिंतुरातो सीएन१२ नव्याने ओतले. एकूण २५,००० तास लागले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये कोमो सरोवराकाठी व्हिला देस्तेच्या स्पर्धेत ती गाडी उभी राहिली. काम नमुनेदार आहे, पण ती एलपी ५०० नव्हे. मूळ गाडीचं मोल तिच्या चुकांत होतं. तापलेल्या इंजिनाने आणि वॉलेसच्या शिव्यांनी जे शिकवलं ते पुढच्या गाड्यांत उतरलं. नवी पिवळी गाडी फक्त पहिल्या दिवसाची आहे.

त्याच वर्षी कंपनीने काउंटाश हेच नाव लावून एलपीआय ८००-४ ही ११२ नगांची नवी गाडीही काढली. गांदिनीने जाहीरपणे सांगितलं की यात आपला काही सहभाग नाही, आणि जुन्याची री ओढणं आपल्या कामाच्या वृत्तीतच बसत नाही. ते त्याला शोभलं. वॉलेस २०१३ मध्ये गेला, स्तान्झानी २०१७ मध्ये, गांदिनी मार्च २०२४ मध्ये.

दुसरा नमुना, जिनिव्हात लाल असलेला आणि नंतर हिरवा रंगवलेला, भंगारातून वाचला आणि सांतागाताच्या कंपनी संग्रहालयात जपलेला आहे. कधी बोलोन्याकडे गेलात तर पाहून या. सगळे दरवाज्यांचे फोटो काढतात. तुम्ही मात्र काचेतून आत डोकावा आणि दोन आसनांमधला तो उंचवटा बघा. स्तान्झानीचा गिअरबॉक्स त्याच्याखाली आहे.