पणजी : नदीकडे पाठ करून बसलेल्या खानावळी

पणजीत उतरलेला पाहुणा संध्याकाळी जेवायला बाहेर पडला, की त्याचे पाय आपोआप दयानंद बांदोडकर मार्गाकडे वळतात. एका हाताला आदिलशाही राजवाडा आणि जुन्या सरकारी इमारती, दुसऱ्या हाताला मांडवी. नदीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजं, त्यांचे पाण्यावर पसरलेले रंगीत दिवे, पलीकडे बेतीचा काठ. हे सगळं समोर दिसेल असं टेबल मिळावं एवढीच त्याची इच्छा असते, आणि पाण्याकाठच्या शहरात ती गैरही नाही. तरीही पणजीचं जेवण या रस्त्यावर शोधू नये, असं माझं मत आहे. ते दोन-तीन गल्ल्या आत आहे. अठरा जून रस्त्यावर जिना चढून जावं लागणारं रिट्झ क्लासिक, ३१ जानेवारी रस्त्यावरचा आनंदाश्रम, दादा वैद्य रस्त्यावरचं कोकणी कँटीन. या ठिकाणी बसून नदी दिसत नाही; दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत किंवा रांगेत उभी असलेली माणसं. पण मांडवी आणि तिच्यापुढचा समुद्र ताटात उतरतो तो इथेच. हा निव्वळ योगायोग नाही. हे शहर ज्या रीतीने घडलं तिच्यातच याचं कारण आहे.

१८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाली. काठावरची जागा तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, सत्तेने आणि व्यापाराने अडवली होती. राजवाडा, बंदराची कचेरी, जकात, धक्के हे सगळं पाण्याला लागून. मुंबईहून येणारी आगबोट इथल्याच धक्क्याला लागायची आणि कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी कुटुंबांची गोव्याशी पहिली ओळख या धक्क्यावरच झाली. नदीकडे तोंड करून खास पाहुण्यांसाठी बांधलेलं हॉटेल म्हणजे मांडवी. ते १९५२ साली, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने उभं राहिलं. म्हणजे काठावरचं टेबल सुरुवातीपासून परगावच्या माणसाचं होतं. गावातल्या माणसाला दुपारी हवं होतं ते वेगळंच. कचेरीतला कारकून, वकील, दुकानदार, खेड्यातून कामासाठी फेरीबोट धरून आलेला शेतकरी यांना तासाभरात, परवडेल अशा दरात, घरच्यासारखं शीत-कढीचं जेवण लागायचं. ते देणारी खानावळ बाजाराच्या आणि कचेऱ्यांच्या जवळ असणं गरजेचं होतं; नदीच्या जवळ असण्याने तिचं काहीच साधत नव्हतं. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली, कचेऱ्याही थोड्याफार पांगल्या, पण दुपारच्या जेवणाचा हा शिरस्ता टिकून राहिला. बाराच्या सुमाराला टेबलं भरू लागतात, तीनच्या आसपास स्वयंपाकघर आवरायला घेतात आणि मग शहर थोडं आडवं होतं.

त्या ताटाकडे जरा जवळून पाहू. मध्ये भाताचा ढीग, नशीब असेल तर उकड्या तांदळाचा. वाटीत हुमण : ओलं खोबरं, लाल मिरची आणि हळद यांचं गुळगुळीत वाटण, त्यात मासा. बांगडा किंवा तारली असेल तर तिरफळं हवीतच. ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. त्यांचा वास रसात उतरलेला असतो. कोलंबी असेल तर आंबटपणासाठी मोसमाप्रमाणे आंबाडे किंवा बिंबल. शेजारी तिसऱ्यांचं सुकं, शिंपल्यांना चिकटलेल्या खोबऱ्यासकट. मग किसमूर, म्हणजे भाजलेला सुका जवळा किंवा सुकी कोलंबी, कांदा आणि खोबरं हाताने चुरडून एकत्र केलेलं. एखादी पालेभाजी, लोणचं, सोलकढी. तळलेली तुकडी बहुतेक ठिकाणी वेगळी मागवायची. रव्यात घोळून तव्यावर कुरकुरीत केलेली. एवढ्या एका ताटात खोल समुद्र, नदीचं मुख, खाडीचा चिखल आणि उन्हात वाळवलेला मागचा मोसम एकदम हजर असतो. खिडकीतून दिसणारं पाणी बाराही महिने जवळजवळ तसंच दिसतं. ताटातलं मात्र महिन्यागणिक बदलतं.

ते का बदलतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पणजी समुद्रावर नाही, नदीच्या मुखाशी आहे. भरतीचं खारं पाणी मांडवीत बरंच आत शिरतं आणि पावसाळ्यात डोंगरातलं गोडं पाणी त्याला मागे ढकलतं. या दोन पाण्यांच्या ओढाताणीत चोणक, शेवटे, काळुंदर, कोलंबी, तिसऱ्या वाढतात. काठालगतच्या सखल जमिनींना गोव्यात खाजन म्हणतात. मातीचे बांध घालून त्या भरतीपासून राखलेल्या असतात आणि बांधाला ठेवलेल्या दारांमधून, म्हणजे मानशींतून, पाण्याची ये-जा होते. पावसाळ्यात तिथे भात पिकतो. मानशीवर जाळं लावून मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पलीकडच्या काठावर मालीमच्या जेटीला ट्रॉलर लागतात, त्यांची मासळी बांगडा-इसवणाची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खानावळीचा तोंडवळाच पालटतो. खाडीतला मासा आणि सुकी मासळी पुढे येते. त्यासाठी मे महिन्यातच पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या, बाजारात सुका बांगडा, जवळा, सोलं भरून ठेवलेली असतात. त्यात श्रावण आला की हिंदू घरांतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांसाठी मासळीच बंद. हे सगळं वेळापत्रक पाण्याचं आणि पंचांगाचं आहे, आणि दुपारच्या गिऱ्हाइकावर चालणारी खानावळ ते निमूट पाळते. रात्रीच्या पर्यटकाला मात्र जुलैतही जानेवारीचंच मेनूकार्ड हवं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो वजनदार आहे : आत्ताच्या खानावळीतला मासा मांडवीचा राहिलाय कुठे? जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात मासळीला फॉर्मालिन लावल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने काही काळ परराज्यांतल्या मासळीवर बंदी घातली आणि गोव्याच्या ताटातला किती मासा ट्रकने येतो ते सगळ्यांच्या लक्षात आलं. हे नाकारता येत नाही. पण हा मासा कोणासाठी येतो तेही पाहायला हवं. मागणी एकवटली आहे ती सुरमईच्या जाड तुकडीवर, पापलेटवर, मोठ्या कोलंबीवर. म्हणजे ज्यांची नावं परगावच्या गिऱ्हाइकाला ठाऊक आहेत अशा चार-पाच माशांवर. तारली, मुडदुशे, शेवटे यांना हे गिऱ्हाईक विचारतच नाही. काट्यांची धास्ती हेही एक कारण असेल. वाढप्याला ‘आज काय आलंय?’ असं विचारून त्यातलंच मागवणारं गिऱ्हाईक अजून जिथे आहे, तिथे जवळच्या पाण्यातला मासा टिकून आहे. तेव्हा या आक्षेपाने माझं म्हणणं पडत नाही, उलट त्यातला धोका नेमका कुठे आहे ते कळतं. दृश्यासाठी आलेलं गिऱ्हाईक गल्लीतल्या खानावळीतही तेच चार मासे मागू लागलं, तर दोन जागांतला फरक पुसला जाईल.

दुसरा आक्षेप असा, की मी पणजीला एका ताटात कोंबतो आहे. इथे ख्रिस्ती घरांतला स्वयंपाकही तितकाच जुना आहे : रेशादचा मसाला भरलेला बांगडा, आंबट-तिख, शागुती, माडाच्या सुरीचं व्हिनेगर घातलेलं सोरपोतेल, पदेराने दारात आणून दिलेला पाव. हे अगदी खरं, आणि ते खायलाही पावलं आतल्या फोंतेन्यश वस्तीकडेच वळवावी लागतात. व्हिवा पंजिम तिथल्या गल्लीत आहे. व्हेनिते ३१ जानेवारी रस्त्यावर पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याच्या छोट्या सज्जांतून खाली दिसतो तो रस्ता. सकाळचं खाणंही तसंच. कॅफे भोसले किंवा कॅफे तातोमध्ये पातळ भाजी, पाव आणि मिरचीभजी खाणाऱ्याला नदी शेजारीच आहे याची आठवणसुद्धा होत नाही. दोन धर्मांची, दोन धाटणीची स्वयंपाकघरं याबाबतीत एकाच वाटेने गेली आहेत. राहिला प्रश्न निवांतपणाचा. खानावळीत गर्दी असते, शेजारी अनोळखी माणूस येऊन बसतो, उठायची घाई असते. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला मोकळ्या हवेतलं टेबल हवंसं वाटलं तर त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. त्यांनी संध्याकाळी काठावर खुशाल बसावं. दुपारचं एक जेवण आतल्या गल्लीत घ्यावं, एवढंच मागणं आहे.

मला काळजी आहे ती या ताटाला मासा पुरवणाऱ्या खाजनांची. चोडण, दिवाडीपासून रायबंदरपर्यंत मांडवीच्या काठाची शेतं ज्या बांधांवर उभी आहेत ते राखणारे हात कमी झालेत, आणि बांध फुटून खारं पाणी शेतात बसलं की भातही जातो आणि मानशीवरची ती ठरावीक मासळीही. खुद्द पणजीतून वाहणाऱ्या सांतइनेज खाडीत सांडपाणी साचलंय. शहराच्या सुशोभीकरणात दिवे, फरसबंदी आणि बाकं येतात. बांधाची माती येत नाही. खानावळवाल्यांना यात काहीच करता येणार नाही असं नाही. दाराशी फळ्यावर खडूने रोजच्या माशांची नावं लिहायची पद्धत आहेच. त्या नावांपुढे मासा मालीमचा, चोडणच्या मानशीतला की परराज्यातून आलेला, हे लिहायला आणखी एक शब्द पुरतो. परराज्यातला मासाही लोक खातीलच. पण मानशीतल्या चोणकासाठी दहा-वीस रुपये जास्त मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक पणजीत नक्की आहे, आणि पावणी घेणाऱ्याला बांध राखायला त्याच पैशांचा आधार होईल.